कोरड अंगावर काढू नका

आमच्या घरात कांदा चिरायचं काम माझ्याकडे आलं ते एका गुणामुळे. पोह्यांना असो, पावसाळ्यातल्या भज्यांना असो, दोन-दोन किलो कांदा चिरला तरी माझ्या डोळ्यांतून टिपूस निघत नसे. जाऊबाई नाक ओढत लांब व्हायच्या आणि म्हणायच्या, "तुझं बरं आहे गं." मलाही ते बरंच वाटायचं. तो गुण नव्हता, लक्षण होतं, हे कळायला पुढे पाच वर्षं गेली.

त्या पाच वर्षांत बाकीचंही बरंच चालू होतं. मी शाळेत शिकवते. पाण्याची बाटली घेतल्याशिवाय वर्गात पाऊल टाकता येईना, तेव्हा मी घशाला दोष दिला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, तेव्हा खडूला दिला. भाकरी आमटीत बुडवल्याशिवाय घशाखाली उतरेना. म्हटलं, पीठ जुनं असेल. रात्री तीन-तीनदा पाणी प्यायला उठायचं, मग त्या पाण्यामुळे लघवीला उठायचं, आणि सकाळी अंग असं जड, की वेणी घालायला हात वर उचलवेना. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी फक्त डोळ्यांचं सांगितलं, त्यांनी थेंब दिले. फॅमिली डॉक्टरांना थकव्याचं सांगितलं, ते म्हणाले, पाळी जायची वेळ आली की असं होतंच. तोंडाबद्दल तर मी कुणालाच बोलले नाही. तोंडाला कोरड पडते, ही काय डॉक्टरांना सांगायची गोष्ट झाली?

शेवटी पकडलं ते दाताच्या डॉक्टरांनी. दोन वर्षांत पाच दात किडले होते, आणि सगळे हिरडीच्या कडेला, जिथे एरवी सहजी कीड लागत नाही तिथे. तपासताना त्यांचा छोटा आरसा माझ्या गालाला आतून चिकटून बसला. तो सोडवत त्यांनी विचारलं, "रडताना डोळ्यांत पाणी येतं का तुमच्या?" दाताच्या खुर्चीत हा प्रश्न ऐकून मी चमकले. आठवून बघितलं. वडील गेले तेव्हाही माझे डोळे नुसते जळले होते.

आजाराचं नाव शोग्रेन. लॅबच्या कागदावर ते कुणी स्जोग्रेन वाचतं, कुणी जोग्रेन. काहीही म्हटलं तरी डॉक्टरांना कळतं. हा ऑटोइम्यून आजार आहे. जंतूंशी लढायच्या पांढऱ्या पेशी आपल्याच अश्रुग्रंथींत आणि लाळग्रंथींत जाऊन ठाण मांडतात, तिथे दाह होतो आणि ग्रंथींचं पाझरणं आटत जातं. दहा रुग्णांत नऊ बायका असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या. पण तरुण मुलींना होतो, पुरुषांनाही होतो. काहींना तो एकटा होतो, काहींना ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या किंवा ल्युपसच्या जोडीनं. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांची हकिकत मांडली. डोळे-तोंड कोरडं असलेल्या या बायकांपैकी १३ जणींचे सांधेही दुखत होते. डोळे, तोंड आणि सांधे ही तीन दुखणी नसून एक आहे, हे त्यांनी ओळखलं. परीक्षकांना तो प्रबंध फारसा पटला नाही. आजही या आजाराचं घोडं तिथेच अडतं: डोळे एका दवाखान्यात, दात दुसऱ्या, सांधे तिसऱ्या.

टेनिसपटू व्हीनस विल्यम्सनं २०११ साली अमेरिकन ओपन स्पर्धा अर्ध्यावर सोडली आणि आपल्याला हा आजार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगाला तो नावानं माहीत झाला. थकलेल्या बाईबद्दल ती आळशी झाली, फिटनेस राहिला नाही, असंच बोललं जातं. आपल्याकडच्या बायकांना तर हे बोलणं घरातच ऐकायला मिळतं.

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते तुमच्या डॉक्टरांच्या जागी नव्हे, त्यांच्याकडे जाताना पर्समध्ये ठेवण्यासाठी. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. आपल्याकडे बाईनं दुखणं अंगावर काढायचं, ही रीतच आहे. कोरडेपणा तर दिसत नाही, ताप चढत नाही, रक्त येत नाही, म्हणून तो अंगावर काढायला फार सोपा. पण तो मोजता येतो. आणि मोजलेलं दुखणं कुणी उडवून लावत नाही.

मोजायचं कसं

डोळ्यांसाठी शर्मर नावाची एक साधी चाचणी आहे. गाळणकागदाची बारीक पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती ओली झाली ते बघतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं, तर ते कमी. माझ्या उजव्या डोळ्याचं दोन भरलं होतं. त्याशिवाय डोळ्यांत रंगाचा थेंब टाकून बुबुळावर कुठे चरे पडलेत तेही पाहतात.

लाळ मोजायची पद्धत आणखी साधी. आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, मग न बोलता, मान खाली घालून बसायचं आणि तोंडात जमेल ती लाळ एका भांड्यात आपसूक गळू द्यायची. १५ मिनिटांत दीड मिलिलीटर किंवा त्याहून कमी जमली, तर लाळ कमी आहे. खोकल्याच्या औषधाबरोबर खुणा असलेलं छोटं टोपण मिळतं, त्यात हे घरीही करता येईल. त्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांसमोर "तोंड कोरडं पडतं हो" म्हणण्यापेक्षा "१५ मिनिटांत एक मिलीसुद्धा जमत नाही" म्हणणं वेगळं पडतं.

मग रक्त. एएनए आणि अँटी-रो, ज्याला एसएसए असंही म्हणतात, या प्रतिपिंडांची तपासणी मुख्य. अँटी-रो आलं नाही म्हणजे आजार नाही असं नसतं. अशा वेळी खालच्या ओठाच्या आतून चार-सहा बारीक लाळग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बायोप्सी हा शब्द ऐकूनच घरात रडारड होते, म्हणून सांगते: भूल फक्त तेवढ्या जागेपुरती देतात, एक-दोन टाके पडतात, आठवडाभर तिखट बंद. काहींना तेवढी जागा काही दिवस बधिर वाटते. कॅन्सरची शंका म्हणून ती करत नाहीत, ग्रंथींत त्या पांढऱ्या पेशींचे पुंजके आहेत का, एवढंच बघायचं असतं. २०१६ पासून जगभर जे निकष वापरतात त्यांत अँटी-रो आणि ओठाची बायोप्सी यांना प्रत्येकी ३ गुण आहेत. डोळ्यांच्या दोन चाचण्या आणि लाळ यांना प्रत्येकी १. बेरीज ४ झाली की शिक्का बसतो. हे निकष मुळात संशोधनासाठी केलेले आहेत. अनुभवी डॉक्टर गुणांच्या पलीकडेही बघतात.

आणि हो, कोरड पडली म्हणजे शोग्रेनच, असं नाही. मधुमेहात तोंड सुकतं. सर्दीच्या, खाजेच्या कित्येक गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात ती अॅमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीला लागते म्हणून देतात त्या गोळ्या, या सगळ्यांनी लाळ कमी होते. गुटखा-सुपारीनं तोंडाची आग होते आणि हळूहळू ते उघडेनासं होतं, तो निराळा आणि गंभीर आजार. हेपटायटिस सी, किंवा मानेला पूर्वी दिलेलं रेडिएशन, हीही कारणं असतात. म्हणून पहिल्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, काढ्याच्या बाटल्यांसकट. जायचं ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे. लोक त्यांना संधिवाताचे डॉक्टर म्हणून ओळखतात, त्यामुळे "मला तर सांधेदुखी नाही" म्हणून टाळू नका.

डोळे

कृत्रिम अश्रूंचे थेंब हा रोजचा आधार. ते कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट यांचे असतात. पण बाटलीवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नाव आहे का बघा. बाटली टिकावी म्हणून घातलेलं हे द्रव्य कोरड्या डोळ्याला दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घातलं की स्वतःच बोचायला लागतं. ज्यांना दर दोन तासांनी थेंब लागतात त्यांनी विनाप्रिझर्व्हेटिव्ह मागावेत. ते महाग पडतात, हे खरं. जनऔषधी केंद्रात साध्या थेंबांची चौकशी करा आणि डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, की महिन्याला एवढेच पैसे काढता येतील. त्यात बसेल ते ते लिहून देतात. एका वेळी एकच थेंब, दोन वेगवेगळी औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं, आणि झोपताना घट्ट जेल. जेल घातल्यावर अंधुक दिसतं, म्हणून ते सगळी कामं उरकल्यावर.

थेंबांनी भागलं नाही तर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. ते सुरुवातीला चांगलेच झोंबतात आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पहिल्या पंधरवड्यात बाटली फेकून देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मीही एकदा फेकली होती. नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रू वाहून जायचं बारीक छिद्र असतं, तिथे बूच बसवूनही आहे ते पाणी टिकवता येतं. स्टेरॉइडचे थेंब मात्र मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून कधीच नकोत. त्यांनी काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. लाली घालवणारे थेंबही नकोत. गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस हे डोळ्यांत घालायचे पदार्थच नव्हेत, ते कुणाच्या आजीनं सांगितलेले असोत.

थेंबांइतकाच फरक पडतो तो वाऱ्यानं. डोक्यावरच्या पंख्याची जागा किंवा पलंगाची दिशा बदला. एसीचा झोत तोंडावर नको. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलर लावतात. तो हवा दमट करतो म्हणून एसीपेक्षा बरा, पण त्याच्या थेट समोर बसलं तर तोही डोळे सुकवतो. स्कूटरवर बाजूनं बंद असलेला चष्मा लावा. लोक हसतात, हसू दे. मोबाइल बघताना आपण पापणी मिटायचंच विसरतो. मध्ये-मध्ये डोळे पूर्ण मिटून उघडायची सवय लावून घ्या. डोळ्यांवर सारखं नळाचं पाणी मारू नका, आहे तो तेलकट थरही त्यानं धुऊन जातो. त्यापेक्षा कोमट पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल पाच मिनिटं पापण्यांवर ठेवा.

डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही आणि नजर अंधुक झाली आहे, असं एकत्र झालं तर थेंब बदलून बघत बसू नका. बुबुळावर जखम झालेली असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

तोंड आणि दात

डोळ्यांची काळजी आपण घेतो, कारण ते खुपतात. दात गुपचूप जातात. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. ती जेवणानंतरचं आम्ल मारते, तिच्यातल्या कॅल्शियमनं दाताचा झिजलेला थर भरून निघतो, जंतूंना ती आवर घालते. ती आटली की तोंडात गेलेला साखरेचा कण तिथेच बसून राहतो.

आणि नेमकं इथेच आपण घोडचूक करतो. तोंड सुकलं की खडीसाखर चघळायची, श्रीखंडाची गोळी ठेवायची, लिंबाचं सरबत घोट-घोट पीत राहायचं. मी वर्गात कपाटात खडीसाखरेची डबी ठेवायचे. माझे ते पाच दात आजारानं कमी आणि त्या डबीनं जास्त खाल्ले, असं माझं प्रामाणिक मत आहे. दिवसभरात साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा तोंडात घातली हे दातांना जास्त भोवतं. गोड खायचंच असेल तर जेवणाबरोबर एकदाच खा, चूळ भरा. आवळासुपारी, चिंचेची गोळी यांनी लाळ सुटते खरी, पण त्यांत आम्ल आणि साखर दोन्ही. जेवताना कोशिंबिरीवर लिंबू पिळा. दिवसभर फोड चोखू नका.

मग चघळायचं काय? साखर नसलेलं च्युइंगगम, शक्य तर झायलिटॉलचं. चावण्याच्या क्रियेनंच उरलेल्या ग्रंथी जाग्या होतात. (घरात कुत्रा असेल तर पाकीट उंचावर ठेवा, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं.) पाणी घटाघटा पिऊन उपयोग नाही, त्यानं नुसत्या लघवीच्या फेऱ्या वाढतात, बारीक घोट घेऊन तोंडात फिरवायचा. पेलाभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घालून चूळ भरली तर तोंडातलं आम्ल कमी होतं. अल्कोहोलचे माउथवॉश नकोत. मशेरी, तंबाखू, सुपारी पूर्ण बंद.

घसा सुकला की ज्येष्ठमधाची काडी चघळायला सांगणारे घरोघरी भेटतात. एरवी ठीक, पण या आजारात मी ती कटाक्षानं टाळते. ज्येष्ठमध जास्त झाला की शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. आणि शोग्रेनच्या काही रुग्णांचं पोटॅशियम आधीच मूत्रपिंडांतून वाहून जात असतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

टूथपेस्टच्या नळीवर फ्लोराइड लिहिलेलं आहे का ते आज बघा. बऱ्याच हर्बल म्हणवणाऱ्या पेस्टमध्ये ते नसतं. दिवसातून दोनदा मऊ ब्रशनं दात घासा, नंतर पेस्ट थुंका पण खळखळून चूळ भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास थांबून मगच घासा. दाताच्या डॉक्टरांकडे दर तीन ते सहा महिन्यांनी जायचं, दुखो न दुखो. ते फ्लोराइडचा लेप लावतात, गरज असेल तर जास्त तीव्रतेची पेस्ट लिहून देतात. या फेऱ्यांचा खर्च एका रूट कॅनाल आणि कॅपपेक्षा कमीच येतो, मी दोन्ही भरलेले आहेत.

ग्रंथींत थोडा जीव उरला असेल तर पायलोकार्पिनच्या गोळीनं लाळ सुटते. साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन-चारदा देतात. तिनं घाम मात्र दरदरून सुटतो, लघवीही वाढते. आटोक्यात नसलेला दमा किंवा एका विशिष्ट प्रकारचा काचबिंदू असेल तर ती चालत नाही, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा. मला पहिल्या दिवशी गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासानं तोंडात पाणी आलं. चारचौघांत कशाला सांगायचं, पण मी कोरडी पोळी हातात घेऊन नुसती खाल्ली.

जीभ लालभडक होऊन साधं वरणही झोंबायला लागलं, ओठांचे कोपरे चिरले, तर ते तिखटानं झालं असं समजू नका. बहुतेक वेळा ती बुरशी असते, आणि औषधानं जाते. कवळी असेल तर ती रात्री काढून स्वच्छ करून ठेवा.

जेवणाचं फार अवघड नाही, आपल्या स्वयंपाकात ओलं पुष्कळ आहे. मऊ भात, वरण, तूप, पातळ पिठलं, कढी, ज्वारीच्या कण्या ताकात, भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून. चिवडा, चकली, खाकरा यांनी तोंड सोलून निघतं. उपवासांबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. हरतालिकेचा निर्जळी उपास हा या आजारात करायचा उपास नाही. आणि एकादशीचा राजगिऱ्याचा लाडू, खजूर, साबुदाणा हे सगळं दातांना चिकटून बसणारं. भगर-आमटी खा, चूळ भरा, गोळ्या चुकवू नका.

डोळ्या-तोंडापलीकडे

नाव कोरडेपणाचं असलं तरी आजार सगळ्या शरीराचा आहे. बोटं थंडीत पांढरी-निळी पडणं, सांधे धरणं, अंगाला कोरडी खाज, पायांना मुंग्या आणि आग, महिनोन्‌महिने न जाणारा कोरडा खोकला, हे सगळं ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना सांगायचं, क्षुल्लक वाटलं तरी. योनीचा कोरडेपणाही त्यातलाच. त्याबद्दल नवऱ्याशीही बोलणं होत नाही आणि डॉक्टरांशीही नाही, संबंध नकोसे वाटतात आणि घरात उगाच अबोला वाढतो. पाण्यात विरघळणारी वंगणं मेडिकलमध्ये मिळतात. पाळी गेलेल्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ लावायचं क्रीम देऊ शकतात.

पोटॅशियमची गोष्ट. या आजारात काहींच्या मूत्रपिंडांना आम्ल बाहेर टाकता येत नाही आणि त्या गडबडीत पोटॅशियम निसटतं. एखाद्या सकाळी हातपाय लुळे पडून माणसाला उठताच येत नाही. भारतातून अशा रुग्णांच्या बऱ्याच नोंदी आहेत, आणि काहींच्या शोग्रेनचा पत्ता त्या दिवशीच लागला. असं झालं तर हा अशक्तपणा नव्हे, तातडीनं दवाखाना. एरवीही वर्षातून एक-दोनदा रक्तात पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्राम आणि लघवीची तपासणी होते की नाही, यावर लक्ष ठेवा.

कॅन्सरचा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. शंभरातल्या पाच-एक रुग्णांना आयुष्यात कधीतरी लसिकाग्रंथींचा कॅन्सर, म्हणजे लिम्फोमा होतो. म्हणजे पंचाण्णवांना होत नाही. कानाखालची लाळग्रंथी सुजून तशीच राहिली, मानेत-काखेत गाठी आल्या, कारणाशिवाय ताप आणि रात्री घाम, वजन उतरणं, पायांवर हाताला लागतील असे जांभळे ठिपके, यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

लेकीसुनांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. अँटी-रो असलेल्या आईचे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातात आणि शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके गर्भातच मंदावतात. म्हणून मूल हवं असेल तर आधीच ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना सांगा. चौथ्या महिन्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात. बाकीच्या बहुतेक बाळांना काही होत नाही, तेव्हा लग्न जमवताना याचा बाऊ करणाऱ्यांना हा आकडा ऐकवा.

औषधांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं नाव तुम्ही ऐकलेलं असेल. कोरोनाच्या सुरुवातीला तिचा एवढा गवगवा झाला, की आम्हा रुग्णांनाच ती दुकानात मिळेना. सांधेदुखी आणि त्वचेच्या त्रासासाठी ती देतात. कोरडेपणा तिनं जात नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत ती सहा महिन्यांत कोरडेपणा, दुखणं, थकवा या तिन्हींत नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. तिची मात्रा वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला, नंतर पाच वर्षांनी दरसाल करतात. फुफ्फुस, मूत्रपिंड, नसा यांवर आजार गेला तर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात. शोग्रेन मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. तसं आहे म्हणून जाहिरात करणाऱ्यांपासून लांब राहा. "इम्युनिटी वाढवा" म्हणून गुळवेलीचे काढे देणाऱ्यांपासूनही. आपली प्रतिकारशक्ती कमी नाही, ती वाट चुकली आहे. आणि मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद केली आहे. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. तरीही मी घेत नाही.

थकव्यावर गोळी नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघून घ्या, कारण थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार याच्या जोडीनं बऱ्याचदा असतो. त्यानंतर रोज थोडं चालणं, आणि जास्तीच्या कामाला नाही म्हणणं. मी सकाळची दोन अवघड कामं ठरवते, तिसरं उद्यावर. आधी चालणं मला शिक्षाच वाटायची. तीन महिन्यांनी जिना चढताना फरक कळला.

कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार सांगा. ते डोळ्यांत मलम घालतात आणि लाळ सुकवणारी इंजेक्शनं शक्यतो टाळतात. सर्दीची गोळी घेतानाही विचारून घ्या.

माझी निळी फाईल आता चांगलीच जाड झाली आहे. शर्मरचे आकडे, लाळेचे आकडे, पोटॅशियम, भरलेल्या दातांच्या तारखा, सगळं तिच्यात आहे. नवीन डॉक्टरांकडे गेले की ती पुढे सरकवते. पहिल्या पानावरचे आकडे वाचल्यावर अजून तरी कुणी मला "टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवलेलं नाही.

तुमची फाईल अजून नसेल तर आज रात्री पलंगाशेजारी भरलेला तांब्या ठेवा. सकाळी बघा त्यात किती पाणी उरलंय, किती वेळा उठलात, आणि ते तारखेसह लिहून ठेवा. आठवडाभर लिहा. मग तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.